कुरकुर

सुट्टीच्या दिवशी कोणत्याही अम्यूझमेंट पार्कमध्ये जा. दारातून आत गेल्यावर जे पहिले सावलीचे झाड लागते त्याच्याखाली एक बाक असतो, आणि त्या बाकावर एक गृहस्थ बसलेले असतात. त्यांच्या उजव्या हाताला तीन पिशव्या, डाव्या हाताला पाण्याच्या बाटल्या, पायाशी कोणाच्या तरी चपला आणि मांडीवर कोणाचा तरी ओला टॉवेल असतो. साऱ्या कुटुंबाचे चष्मे, घड्याळे आणि मोबाइल त्यांच्या खिशांत सुखरूप असतात. तिकिटांचे पैसे त्यांनीच भरलेले असतात. पण ते स्वतः कशातही बसत नाहीत. मधूनमधून मान वर करून ते आकाशात उलटीपालटी होणारी आपली माणसे बघतात, मग मनगटाकडे बघतात, आणि शेजारच्या बाकावर अशाच पिशव्या सांभाळत बसलेल्या दुसऱ्या गृहस्थांना म्हणतात, "काय भाव लावलेत हो! एका समोशाला एवढे?" तेवढ्यावर दोघांची ओळख होते आणि पुढचे दोन तास बरे जातात.

हा कुरकुरणारा बाप म्हणजे सर्वांच्या चेष्टेचा विषय. बायको म्हणते, "ह्यांना कुठं न्यायची सोय नाही." मुले म्हणतात, "बाबा सगळी मजा घालवतात." व्यंगचित्रकारांना तर तो जन्मभर पुरतो. मला मात्र त्याच्याविषयी आदर आहे. तो का, हेच आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट अशी, की अम्यूझमेंट पार्कवर ह्या माणसाचा वडिलोपार्जित हक्क आहे. डिस्नेलँड ज्यांच्या डोक्यातून निघाले ते वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या दोन लहान मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली मेरी-गो-राउंडच्या घोड्यांवर बसत आणि डिस्नेसाहेब बाकावर बसून शेंगदाणे खात. तिथे बसल्याबसल्या त्यांच्या मनात आले, की आईबापांना आणि मुलांना एकत्र मौज करता येईल अशी एखादी जागा असायला हवी. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. आता ह्याला लोक 'कल्पना सुचली' असे म्हणतात. पण नीट पाहिले तर ही बाकावरच्या बापाची कुरकुरच नव्हे काय? इतर बापांची कुरकुर घरी पोहोचेपर्यंत टिकते आणि जेवल्यावर विरते. ह्या बापाने तिच्यासाठी १६० एकर जमीन घेतली, एवढाच फरक.

बरे, तिथे तरी कुरकुर थांबली काय? १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँडचे दार उघडले. त्या दिवशी ऊन मी म्हणत होते. खोटी आमंत्रणे घेऊन कितीतरी लोक आत घुसले होते. पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे चालत नव्हते, आणि नुकत्याच टाकलेल्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतत होत्या. त्या गर्दीत पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बापांनी आपापल्या बायकांना काय ऐकवले असेल, ते समजायला इंग्रजी यायला नको.

त्याच्याही आधी, १८९३ साली, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनियरने आपला प्रचंड आकाशपाळणा उभा केला होता. उंची २६४ फूट, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसांची सोय. प्रदर्शनात शिरायला ५० सेंट पडत, आणि पाळण्यात बसायचे तर पुन्हा ५० सेंट. मोबदल्यात फेऱ्या किती? दोन! हा हिशेब वाचला तेव्हा मला आमच्या अण्णांची आठवण झाली. अण्णा त्या प्रदर्शनात असते तर त्यांनी फेरिससाहेबांना गाठून विचारले असते, "एकदा दारात घेतलेत ना? मग हे कसले?"

अण्णा म्हणजे माझे वडील. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गाड्यांचे डबे दुरुस्त करण्यात त्यांची ३५ वर्षे गेली. दोष काढणे हा त्यांचा मूळचा स्वभाव होता की नोकरीने तो त्यांना लावला, ह्याचा निकाल आमच्या घरी कधीच लागला नाही. आई म्हणे, "नोकरीला कशाला बोल लावता? लग्नात बोहल्यावर चढायच्या आधी ह्यांनी मांडवाचा खांब हलवून बघितला होता."

आम्ही परळला राहत होतो. १९८० नंतरची ती वर्षे. गोराईचे एस्सेलवर्ल्ड सुरू झाले १९८९ साली; तोवर आमच्यासारख्यांची मौज म्हणजे सप्टेंबरातली वांद्र्याची मोत माउलीची जत्रा आणि डिसेंबरातला माहीमचा उरूस. तिथे लाकडी आणि लोखंडी आकाशपाळणे असत. लहान पाळणे माणसेच फिरवीत. दोन चपळ पोरे आऱ्यांवरून भराभर वर चढत, वरच्या आऱ्याला लोंबकळत आणि आपल्या वजनाने चाक खाली आणीत. आम्ही मुले पाळण्याकडे धावलो की अण्णा मागून ओरडत, "थांबा!" मग ते पुढे होऊन पाळण्याचा आस बघत. बोटाने तिथले वंगण काढून दोन बोटांत चोळून बघत. पेटीसारख्या त्या आसनाची कडी हलवून बघत आणि पाळणेवाल्याला विचारत, "ग्रीस शेवटचं कधी भरलं होतंस?" पाळणेवाला काहीतरी सांगे. त्यावर अण्णांचा विश्वास बसत नसे; पण तोवर आई पदर खोचून आत जाऊन बसलेली असे.

आईला पाळण्याचे वेड होते. चाक वर जाऊ लागले की ती लहान मुलीसारखी हसत सुटे. वरून खाली हाक मारी, "अहो, या की तुम्ही पण!" अण्णा खालून म्हणत, "खाली कोणीतरी नको का?" आणि आमच्या चपला, फुगे आणि उसाची कांडकी सांभाळत ते फेऱ्या मोजत उभे राहत. पाळणा थांबला की आमच्या आधी त्यांचा आवाज येई: "सहाचे पैसे घेतलेस. पाच झाल्या." मग पाळणेवाल्याशी हुज्जत. आई उतरता उतरता म्हणे, "पुरे हो!" त्या 'पुरे हो'वर अण्णा थांबत. पण थांबत ते दम खायला. परतीच्या लोकलमध्ये पुन्हा सुरू होई: खारे दाणे खवट होते, गर्दीला काही शिस्त नाही, आणि तरी मी सांगत होतो की पाचच्या आत निघू या. आई खिडकीबाहेर बघत हसत असे.

अण्णांनी एकदा मला सांगितले होते की पूर्वी गाडी स्टेशनात थांबली म्हणजे एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके देत जाई. चाक धड असेल तर घंटेसारखा नाद येतो. तडा गेला असेल तर ते बद्द वाजते. तो माणूस चाकांवर रागावलेला नसतो. त्या गाडीत बसून पुढे माणसे जायची असतात, म्हणून तो ठोकून बघतो. अण्णांची कुरकुर मला नेहमी त्या हातोडीसारखी वाटत आली आहे. भाजीवाला, पोस्टमन, रेडिओवरच्या बातम्या, माझे प्रगतिपुस्तक, पुढे माझ्या लग्नातला केटरर, असे जे जे समोर आले ते ते त्यांनी ठोकून बघितले.

२०२३ सालच्या फाल्गुनात आई गेली. पाचसहा दिवसांचे दुखणे, त्यात सगळे आटोपले. तेरावा झाला, पाहुणे गेले, घर पुन्हा आमच्यापुरते राहिले. अण्णा रडले नाहीत. त्यांनी कोणापाशी मन मोकळे केले नाही. ते नुसते निमूट झाले.

पहिल्यांदा आमच्या ध्यानात आले ते चहावरून. सौ. चहात साखर घालायला विसरली आणि अण्णा तो चहा पिऊन उठले. मी घोट घेतला तेव्हा मला कळले. मग एकेक दिसू लागले. वर्तमानपत्र ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि घडी घालून ठेवत, अवाक्षर नाही. सोसायटीचे पाणी दोन दिवस आले नाही. अण्णा बादलीतले पाणी काढून अंघोळ करून आले. पुढे एकदा बैठकीतला पंखा आवाज करू लागला. आमच्या घरातल्या पंख्याला अण्णांखेरीज कोणी हात लावलेला नव्हता. मी भीतभीत म्हणालो, "अण्णा, माणूस बोलावून दाखवू या का?" ते म्हणाले, "चालेल."

'चालेल' ह्या शब्दाची मला तेव्हा धास्ती बसली. भाजी अळणी आहे? चालेल. डॉक्टरांकडे उद्या जाऊ? चालेल. डॉक्टरांनी तपासले, हसून म्हणाले, "अहो, रक्तदाब तरण्या माणसासारखा आहे." घरात आता अशी शांतता होती की जिच्यासाठी आईने चाळीस वर्षे देवाला हात जोडले होते, आणि ती शांतता आम्हाला खायला उठली होती. मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. कुरकुर एकट्याने करता येत नाही. तिला दोन माणसे लागतात: एक ती करणारे आणि दुसरे 'पुरे हो' म्हणणारे. दुसरे माणूस उठून गेले होते.

दिवाळी आली. वर्षाच्या आत असल्यामुळे घरी फराळ करायचा नव्हता. आकाशकंदील माळ्यावरच राहिला. शेजारच्या काकूंनी चकल्या आणि लाडू आणून दिले, ताईने अनारसे पाठवले. परक्या डब्यांनी ओटा भरला. मुले समजूतदार आहेत, ती काही बोलली नाहीत; पण खालच्या अंगणात फुलबाज्या उडत असताना खिडकीशी उभी राहिलेली त्यांची पाठ बघवेना. शेवटी सौ.च म्हणाली, "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोरांना कुठंतरी घेऊन जाऊ या. अण्णांनाही नेऊ या." अण्णांना विचारले. ते म्हणाले, "चालेल."

पार्क कोणते ते सांगण्यात अर्थ नाही. शहराबाहेर, हमरस्त्याच्या कडेला, लांबूनच रंगीत लोखंडी सांगाडे दिसू लागतात अशांपैकी एक. वाटेत दोनदा टोल भरला, अण्णा बाहेर बघत राहिले. तिकिटाच्या खिडकीवर दरांचा फलक होता. माणशी चार आकडी रक्कम, त्यावर कर. मी हळूच अण्णांकडे पाहिले. त्यांनी फलक वाचला आणि रुमालाने कपाळ पुसले. सौ. माझ्या कानात म्हणाली, "काही बोलले नाहीत हो."

दारात पिशव्या तपासत होते. पहारेकऱ्याने आमच्या पिशवीतून स्टीलचा डबा बाहेर काढला. "बाहेरचं खाणं आत नाही नेता येत, ताई. इथं ठेवा, जाताना मिळेल."

सौ. डबा देणार, तोच आमच्या मागून आवाज आला, "काय आहे त्यात?"

"चकल्या आहेत, अण्णा. काकूंनी दिलेल्या."

"चकल्यांना मनाई?"

"नियम आहे, काका," पहारेकरी म्हणाला. बिचारा पोरगेलासा होता.

"कुठं लिहिलाय दाखव."

त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. अण्णांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, पाटीसमोर जाऊन उभे राहिले आणि मागची रांग खोळंबलेली असताना ती पाटी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचली. "शस्त्रे. ज्वलनशील पदार्थ. पाळीव प्राणी. खाद्यपदार्थ." मग चष्मा काढून ते आमच्याकडे वळले. "बघा, चकली कुणाच्या पंगतीला बसवली आहे! बंदूक, रॉकेल, कुत्रा आणि चकली!"

रांगेतले लोक हसले. सौ.ने माझे मनगट धरले होते, ते इतके घट्ट की बांगडीचा वळ उठला. आठ महिन्यांनी अण्णांना काहीतरी पसंत पडले नव्हते.

आत गेल्यावर पहिले सावलीचे झाड आणि त्याखालचा बाक अण्णांनी बरोबर शोधून काढला. समोर रोलर कोस्टर होते. माझी थोरली तेरा वर्षांची. ती आईला ओढत रांगेत गेलीच. धाकटा नऊ वर्षांचा. रांगेच्या तोंडाशी १४० सेंटिमीटरची खूण केलेली एक पट्टी होती. तिच्यापाशी तो चवड्यांवर उभा राहिला, केस वर करून उभा राहिला, तरी चार बोटे कमी पडली. खालच्या ओठाला कंप सुटला, आणि तो आजोबांशेजारी जाऊन बसला. रांग त्या बाकाला वळसा घालून जात होती, त्यामुळे मला त्या दोघांचे बोलणे ऐकू येत होते.

बराच वेळ दोघेही गप्प. मग धाकटा नाक ओढत म्हणाला, "आजोबा, गाडी वर चढताना ते टक्‌टक्‌ काय वाजतं?"

"खटका. गाडी साखळीनं वर ओढतात ना? उद्या साखळी तुटली तर गाडी मागं घसरायची. म्हणून मध्ये दातेरी पट्टी बसवलेली असते. गाडी एकेक दात चढते आणि खटका एकेका दातात पडतो. ऐक, सारखा वाजतोय. ठीक आहे."

"आणि वर गेल्यावर?"

"वर गेल्यावर काही नाही. इंजिन नाही, साखळी नाही. आपल्या वजनावर खाली. म्हणून पहिला चढ सगळ्यांत उंच असतो. पुढचे सगळे चढ त्याच्या शिलकीवर चढायचे. प्रत्येक ठिकाणी थोडी शिल्लक घासून जाते, म्हणून पुढचा चढ मागच्यापेक्षा बुटका."

एवढ्यात गाडी आमच्यासमोरच्या वळणावरून आडवी होऊन गेली. अण्णा उठून कठड्यापर्यंत गेले. धाकटा मागोमाग. "बघितलंस? आमच्या रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूनं एक कड असते, फ्लँज म्हणतात तिला. ती कड आणि गाडीचं वजन, एवढ्यावर गाडी रुळावर राहते. ही तर उलटी होते! वजनाचा काय उपयोग? म्हणून एक चाक रुळाच्या वर, एक बाजूनं आणि एक खालून. रूळ तिन्हीकडून पकडलाय. ज्यानं हे काढलं तो माणूस हुशार होता."

रुळाला खालून धरणाऱ्या त्या चाकाचे पेटंट अमेरिकेतल्या जॉन मिलरने १९१९ साली घेतले. त्याला माटुंग्याहून मिळालेले हे प्रशस्तिपत्र मोठे आहे. कारण अण्णांनी आजवर फार थोड्या माणसांना हुशार म्हटले आहे, आणि त्यांत मी नाही. अर्थात लगेच ते पुढे म्हणाले, "पण त्या खांबाचा रंग बघ. दोन पावसाळे हात फिरवलेला दिसत नाही."

मग त्यांचे लक्ष पुढच्या उभ्या कड्याकडे गेले. "हा गोल नाही, बरं का. नीट बघ. वरती निमुळता आहे, पाण्याच्या थेंबासारखा." ते खरे आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १८९५ साली अशी उलटी होणारी गाडी आली, तिचा कडा पुरा वर्तुळाकार होता. आत शिरतानाच असा हिसका बसे की लोकांच्या माना दुखावत. १९७६ साली अमेरिकेतच थेंबाच्या आकाराचा कडा आला आणि माना वाचल्या. अण्णांना ह्यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी बाकावर बसून, नुसत्या डोळ्यांनी, कारण शोधून काढले आणि ते नातवाला जमिनीवर काटकीने आखून दाखवले. आमचा नंबर आला तेव्हा मी मागे वळून पाहिले. दोघे उकिडवे बसून मातीत रेघा ओढत होते.

दुपारी आत जेवलो. चार प्लेटी छोले-भटुरे आणि पाण्याच्या बाटल्या ह्यांचे बिल हातात आले तेव्हा अण्णांनी ते मागून घेतले. ते त्यांनी वाचले, उलटून पाहिले, आणि सुरू झाले: एवढ्या पैशांत परळच्या खानावळीत आपण महिनाभर जेवत होतो, भटुरा आहे की पापड, दारात चकल्या का अडवल्या ते आता कळले, ह्यापेक्षा रेल्वेच्या कँटीनचा वडा... तेवढ्यात धाकटा तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला, "पुरे हो, आजोबा!"

अण्णा थांबले. आठ महिने आम्ही सगळे त्यांच्याशी देवळात बोलावे तसे बोलत होतो. त्यांनी धाकट्याकडे पाहिले. तो निर्धास्तपणे भटुरा फाडत होता. अण्णांनी बिलाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि स्वतःच्या ताटातला लोणच्याचा तुकडा त्याच्या ताटात वाढला. दम खायला थांबावे तसे ते थांबले होते, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लोणचं मात्र विकतचं आहे."

संध्याकाळी धाकट्याने आकाशपाळण्याचा हट्ट धरला. त्याला एकट्याला सोडत नव्हते; मी निघालो, तर त्याने आजोबांचा हात धरला. मला वाटले, अण्णा बाक सोडायचे नाहीत. त्यांनी पिशव्या सौ.च्या हाती दिल्या आणि ते पाळण्यापाशी आले. चाकाच्या कडेला रबरी टायर टेकवून ते मोटरवर फिरवीत होते, ते त्यांनी वाकून पाहिले. ह्या पाळण्याला आऱ्यांवर चढणारी पोरे नव्हती. एक मुलगा बटणापाशी कंटाळून उभा होता. अण्णांनी त्याला विचारले, "फेऱ्या किती?"

"सहा."

आम्ही तिघे आत बसलो. अण्णांनी समोरचा बार दोनदा हलवून पाहिला. चाक हळूहळू वर जाऊ लागले. खालची माणसे भरायची म्हणून आमची पेटी अगदी वर जाऊन थांबली आणि झुलू लागली. तिथून हमरस्ता दिसत होता, त्यापलीकडे कापणी झालेली भातखाचरे, आणि डोंगराच्या कडेने उतरणारे ऊन. अण्णांचे दोन्ही हात बारवर होते. ते समोर बघत म्हणाले,

"तिला कधी चक्कर आली नाही. मला खालून बघूनसुद्धा यायची."

आईचे नाव घेतल्याशिवाय त्यांनी आईविषयी काढलेले ते पहिले वाक्य. मी काही बोललो नाही. ज्याला उत्तर द्यायचे होते त्याने ते दिले. धाकटा म्हणाला, "आता येतेय?"

"येतेय तर."

"मग डोळे मिटा."

"मिटून कसं चालेल? फेऱ्या कोण मोजणार?"

आणि त्यांनी त्या खरोखरच मोजल्या, ओठ हलवत. पाळणा थांबल्यावर बाहेर येताना त्यांचे पाय जरा लटपटत होते. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. बटणापाशी उभ्या असलेल्या त्या मुलाला ते म्हणाले, "सहा म्हणालास. पाच झाल्या." तो मुलगा गोंधळून बघतच राहिला. त्याच्या नोकरीत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा.

परतताना दारात आमचा डबा मिळाला. अण्णांनी तो तिथेच उघडला आणि पहारेकऱ्यापुढे धरला. तो संकोचून म्हणाला, "नको काका, ड्यूटीवर आहे." अण्णा म्हणाले, "आत न्यायला मनाई आहे. बाहेर उभं राहून खायला आहे का? पाटीवर तसं लिहिलेलं नाही. मी वाचली आहे." पहारेकऱ्याने दोन चकल्या आणि एक लाडू घेतला. चकली खुसखुशीत होती. अण्णांच्या मते तिखट कमी होते.

ज्याला जगाकडून काही नको असते तो कुरकुर करीत नाही. सगळे पटले म्हणून गप्प बसणारी माणसे जगात थोडी. पुष्कळ माणसे गप्प बसतात ती मनातून उठून गेलेली असतात म्हणून. समोसा महाग आहे असे म्हणणाऱ्याला समोसा स्वस्त असावा असे अजून वाटत असते, आणि सहा फेऱ्यांचे पैसे घेऊन पाचच दिल्या म्हणून भांडणाऱ्याला ती सहावी फेरी अजून हवी असते. म्हणून तुमच्या घरातले वडील ह्या दिवाळीच्या सुट्टीत बाकावर बसून भाव, ऊन, रांग आणि सरकार ह्यांविषयी बोलू लागले तर त्यांना 'पुरे हो' असे जरूर म्हणा. ते म्हणणारे माणूस त्यांना हवे असते. फक्त ते थांबले तर ते कायमचे थांबले नाहीत ना, एवढे लक्ष असू द्या.

अण्णा आता घरी पूर्ववत आहेत. पंखा दुरुस्तीवाल्याने वाईट बांधला होता. तो त्यांनी स्वतः सोडून पुन्हा बांधला. हा लेख छापून आला म्हणजे तोही ते वाचतील. अंकाची किंमत आधी बघतील, मग पाने मोजतील, आणि मग पेन्सिल घेऊन बसतील. मांडवाचा खांब हलवून बघितला हे खोटे आहे, असे समासात लिहितील. भटुऱ्याचे बिल किती झाले तो आकडा घालतील, कारण ते बिल त्यांनी जपून ठेवले आहे. लेख फार लांबला, असेही म्हणतील. धाकटा शेजारी बसलेला असेलच.